धडाडी वहीत दिसू दे

सप्रेम आशीर्वाद.

‘उद्योजकाचा पिंडच माझ्यात नसावा,’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. विक्री थांबली की माणूस स्वतःच्या स्वभावाला दोष देऊ लागतो. पण धंद्याला लागणारी वृत्ती शिकता येते, आणि याला चांगला पुरावा आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात १,५०० छोट्या धंदेवाल्यांचे तीन गट पाडले होते. एकाला हिशेब, विक्री वगैरे नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्याला फक्त पुढाकार शिकवला : कुणी सांगण्याआधी संधी हेरायची, अडचण येण्याआधी तयारी करायची, अडलं तरी नेट सोडायचा नाही. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत पुढाकार शिकलेल्यांचा नफा तिसऱ्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाची वाढ ११ टक्के भरली, तीही निव्वळ योगायोग म्हणता येईल इतकी डळमळीत. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ती माणसं आधीपासूनच धंद्यात होती, तुझ्यासारखीच.

तरी वृत्तीला सगळं श्रेय देऊ नकोस. नवं करून पाहणं, जोखीम उचलणं, इतरांच्या आधी पाऊल टाकणं या तिन्हींचा धंद्याच्या कामगिरीशी किती संबंध आहे, हे ५१ अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये तपासलं गेलं. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण, अशा मापावर उत्तर आलं साधारण ०.२४. संबंध खरा आहे, पण भांडवल, बाजार, वेळ यांनाही भरपूर जागा उरते. अगदी छोट्या धंद्यांत तो जास्त ठळक दिसला. मला याचं नवल वाटत नाही. तिथे मालकाच्या मनात आलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी अमलात येते, मधे अडवायला कुणी नसतं. चुकीची गोष्टसुद्धा.

म्हणून जोखमीच्या बाबतीत मी तुला कडकपणे सांगणार. ‘यातून किती मिळेल’ हा प्रश्न नंतर. आधी ‘किती बुडालं तरी धंदा चालू राहील’ ते ठरव, आणि नवा प्रयोग तेवढ्याच रकमेत कर. सुरू करण्याआधी वहीत लिही : किती पैसे घालणार, कधीपर्यंत वाट पाहणार, काय दिसलं तर थांबणार. आधी लिहिलेलं नसलं की मन नंतर हवा तसा अर्थ लावतं.

उधारीवर डोळा ठेव. चांगली विक्री असलेले धंदेही इथेच बसतात, कारण मालाचे पैसे आज मोजावे लागतात आणि गिऱ्हाइकाकडून येतात दोन-तीन महिन्यांनी. मोठी ऑर्डर आली की आनंदाच्या भरात पैसे कधी मिळणार हे विचारायचंच राहून जातं. ते विचारणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. खेळतं भांडवल हातात असेल तरच पुढची संधी घेता येते.

आणि जी गिऱ्हाइकं यायची बंद झाली, त्यांना स्वतः फोन कर. नोकराला सांगू नकोस. ‘का सोडलंत?’ एवढंच विचार आणि मधे न बोलता ऐक. हे जड जातं, पण विक्री कुठे अडली ते त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही.

त्यातून जी एक गोष्ट बदलावीशी वाटेल, तिचा महिनाभराचा प्रयोग आखून वहीचं ते पान मला पाठव. पुढचं त्यावर बोलू.