सहा जण, चार दिवस आणि दोन हजार कौलं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लांज्याकडे आजोळचं कौलारू घर आहे, चाळीस बाय चोवीसचं, चार वर्षं बंद. माजघरात आणि पडवीत गळतं. शाळेपासूनचे सहा मित्रमैत्रिणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस जाऊन कौलं, रंग, झोपाळा, खळ्यात, म्हणजे अंगणात, दिव्यांच्या माळा असं सगळं उरकणार. कंत्राटदार म्हणतो कौलं काढा, पत्रे घाला. हे आपल्याला जमेल का, आणि आधी काय करायचं?

जमेल. पण शेवटचा आठवडा नको, आणि सहाही जण छपरावर नकोत.

आधी तारखांचं सांगतो. आमच्या लहानपणी मृग लागेपर्यंत, म्हणजे ७ जूनच्या आसपासपर्यंत, निवांत असायचं. २०२५ साली २५ मेला मोसमी पाऊस देवगडात होता आणि २६ मेला मुंबईत. त्याआधीचे चार-पाच दिवसही वळिवाने झोडपून काढले होते. आमची वाळत घातलेली रतांब्यांची (कोकमांची) सोलं दुसऱ्या पुटालाच भिजली, बुरशी आली, सगळी टाकली. छपराचं काम आदल्याच आठवड्यात झालं होतं म्हणून घर वाचलं. तेव्हापासून आम्ही १० ते १५ मे धरतो. ऊन जास्त लागतं, पण हापूस अजून संपलेला नसतो. रजा बदलून घेता येत असेल तर आजच बदला.

आम्ही पाच घरांचे पाच मित्र. २००८ पासून दर मे महिन्यात एकेकाच्या घराची फेरी असते. पहिल्या वर्षी राजापूरकडच्या माझ्या घरी सगळे उत्साहाने शिडी लावून वर चढलो, बूट घालून. बावीस फुटकी कौलं बदलायची होती. संध्याकाळी खाली उतरून मोजलं, तर फुटलेली साठ भरली. अडतीस आमच्या पायांनी गेलेली. शेजारचे काका खळ्यात खुर्ची टाकून दिवसभर बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. रात्री एवढंच म्हणाले, "वर्षभर माकडांनी फोडली नसती तेवढी तुम्ही एका दिवसात फोडलीत."

तर कौलारू छपराचं पहिलं काम घराच्या आत असतं. दुपारी साडेबारा-एकला सगळी दारं-खिडक्या बंद करून माजघरात उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की कवडसे दिसायला लागतील. जमिनीवर रुपयाएवढा, कुठे तांदळाएवढा उजेड पडलेला असतो. तो बघून वर कौलांत भोक शोधा आणि उंच काठीला खडू बांधून आतल्या बाजूने त्या कौलावर फुली मारा. दोघांना दीड तास पुरतो. मान दुखते, पण वर जाऊन अंदाजाने कौलं उचलत बसण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

कवडसा नाही पण गळतं, अशीही जागा सापडेल. पाणी फटीतून शिरलं की कौलाच्या पोटाने उताराकडे ओघळतं आणि रिपेपाशी, म्हणजे कौलं ज्या आडव्या लाकडी पट्टीवर बसतात तिच्यापाशी, अडून टपकतं. म्हणजे ठिबक जिथे दिसते तिथून वरच्या बाजूला दोन-तीन ओळी शोधायचं. वाशांवरचे काळे ओघळ वाट दाखवतात. पडवीचं बहुधा वेगळं निघेल. पडवीचं छप्पर जिथे मुख्य भिंतीला टेकतं तिथला सिमेंटचा पट्टा चिरलेला असतो, नाहीतर वर पाला साठून पाणी उलटं फिरतं. तसं असेल तर कौलं बदलून उपयोग नाही. जुना पट्टा छिन्नीने काढून नवा घाला.

माजघराला लाकडी तक्तपोशी, म्हणजे कौलांखाली फळ्यांचं छत, नसेल, तर बरीचशी फुटकी कौलं खालूनच बदलता येतात. आत शिडी लावायची, वरच्या ओळीतलं कौल दोन बोटं उचलून धरायचं, फुटकं मागे सरकवून आत घ्यायचं आणि नवं तसंच बाहेर ढकलून त्याचा दात रिपेवर बसवायचा. बसलं की हलका 'टक' येतो. आला नाही तर बसलेलं नाही. हे काम सुताराच्या हाताचं नाही, धीराचं आहे. आमच्यात ते एक शिक्षिका करते, आणि तिच्या हातून आजवर एकही फुटलेलं नाही.

आता तरीही वर जावंच लागतं, मुख्यतः कोन्यांसाठी, म्हणजे आढ्यावर, छपराच्या माथ्याशी बसणाऱ्या कौलांसाठी. दोघांनीच जायचं, अनवाणी, सकाळी साडेसहा ते नऊ. नऊनंतर कौल तव्यासारखं तापतं आणि भाजला की माणूस पाय कुठेही टाकतो. पाय टाकायचा तो वरचं कौल खालच्यावर चढतं तिथे, कारण त्याच्या पोटाखाली रीप असते. कौलाच्या मध्यावर भार दिला की गेलं. आम्ही फळी आडवी टाकून त्यावर बसतो आणि फळी सरकवत जातो. कमरेला दोर हवाच. तो आढ्यावरून पलीकडे नेऊन फणसाच्या नाहीतर आंब्याच्या बुंध्याला बांधायचा. बागेतल्या पायपाला नाही, हे सांगावं लागतंय कारण आमच्यातल्या एकाने बांधला होता. सर पडून गेली असेल तर त्या दिवशी वर जायचंच नाही, शेवाळं ओलं झालं की फळीसुद्धा घसरते. आणि सहापैकी एकानेही हे आधी केलेलं नसेल, तर गावातला शाकारणारा गडी पहिल्या सकाळपुरता बोलवा. त्याला मजुरी द्या, चहा द्या, आणि तो पाय कुठे ठेवतो ते नीट बघा.

कोने पहिल्याच दिवशी करायचे. त्यांच्याखालच्या सिमेंट-वाळूच्या मालाला पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. शेवटच्या दिवशी कोने भरून मुंबईची गाडी पकडलीत, तर पावसाआधीच चिरा पडतील. मालात सिमेंट ओतू नका, एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू पुरे. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत हा शहरी समज आहे, तसा माल वाळताना फाटतो.

कौलं किती लागतील? एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, मंगलोरी कौलं साधारण दीडशे लागतात. तुमचं घर वळचणी आणि उतार धरून तेरा-चौदा ब्रास भरेल, म्हणजे छपरावर दोन हजारांच्या आसपास आहेत. सगळी बदलायची वेळ क्वचितच येते. शंभर नेलीत तर पन्नास लागतील आणि पन्नास पुढच्या वर्षांसाठी उरतील. पण दुकानात जाऊन नुसती 'मंगलोरी' मागू नका. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली पहिला कारखाना काढला, त्यानंतर बरेच निघाले आणि प्रत्येकाच्या खाचा थोड्या वेगळ्या. एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. बसल्यासारखं दिसतं आणि जुलैत गळतं. जुन्या कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते वाचा. तीच कौलं आता नवी मिळत नसतील तर आसपास कुठे जुनं घर पाडतायत का विचारा, बरीच घरं स्लॅबची होतायत. घेताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्या. सणसणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर केसाएवढी चीर आहे. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

एक मात्र जपून. घराच्या मागे जुन्या कौलांची किंवा जांभ्याच्या चिऱ्यांची रास असेल, तर तिच्यात हात घालू नका. चार वर्षं न हललेल्या राशीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं. आधी लांब काठीने हलवा, मग हातमोजे घालून एकेक कौल उचला. जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे, हे पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवा. वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं आहे का तेही बघा. त्याला हात लावायचा तर काळोख पडल्यावर, आणि गावातल्या माणसाकडूनच.

वाशांचं बघायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. वासा भिंतीवर टेकतो तिथे टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर वाळवीने पोखरलंय, आणि ते काम सुताराचं, तुमचं नाही. बाकीच्या लाकडाला आम्ही काजूच्या टरफलांचं तेल लावतो. काळंकुट्ट, चिकट, वासाचं असतं, पण वाळवी लांब राहते. कातडी मात्र सोलते. हातमोजे घाला, दंडापर्यंत खोबरेल चोळा. आमच्या बँकवाल्याने एकदा त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला. आठवडाभर कपाळावर तीन बोटांचं गंध लावल्यासारखं दिसत होतं, आणि शाखेत सगळे विचारत होते कुठल्या देवाला जाऊन आलास.

पत्र्यांबद्दल. पत्र्याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. गावात माकडांचा त्रास फार असेल आणि घर दहा महिने बंद राहणार असेल, तर कौलांचा हट्ट महागात पडतो. आमच्याच पाच जणांपैकी दोघांनी पत्रे घातलेत. पण उन्हाळ्यात खाली बसवत नाही, आणि पावसात शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. ३ जून २०२०ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं आणि पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते', तेव्हा कौलंही उडाली आणि पत्रेही. फरक एवढाच की उडालेली कौलं घराच्या आसपास पडली होती, पत्रा शेजारच्या बागेत जाऊन कलमाला अडकला. वासे धड असतील तर यंदा कौलं ठेवा, एक पावसाळा काढा, मग ठरवा. कंत्राटदाराची घाई त्याच्या सोयीची आहे.

रंग यंदा नकोच. चिऱ्याच्या भिंतीत ओल असते, गळती थांबल्यावर एक उन्हाळा तिला वाळू दे. त्यापेक्षा घराभोवतीचे चर मोकळे करा, पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतं ते बाहेर जाऊ दे. पडवीला पश्चिमेकडून झड लागत असेल तर माडाच्या झावळ्यांची झापं बांधा. शेजारच्या आजींना विणता येत असतील तर त्यांच्यापाशी बसून एक तरी विणा. मग ताडपत्री बांधलीत तरी चालेल, आम्हीही तीच बांधतो.

दिवसाची घडी आमची अशी बसलीय. पहाटे पेज, उकड्या तांदळाची, सोबत मिठातली कैरी. नऊपर्यंत छप्पर. मग खाली उतरून सावलीतली कामं. एक ते चार सक्तीची झोप, मोबाइलसकट. चारनंतर चर, लाकडं, झापं. ज्याला उंचीची भीती वाटते त्याला स्वयंपाक द्या. तो अपराधी वाटून इतका चांगला करतो की विचारू नका. आमच्याकडे रायवळ आंब्याचं रायतं आणि फणसाच्या आठळ्यांची भाजी त्याच्यामुळे सुरू झाली. पैसे पहिल्या दिवशी सारखे काढून एका डब्यात टाका, हिशेब शेवटच्या रात्री. तिसऱ्या दिवशी दुपारी भांडण होणार. कारण घमेलं, शिडी, कोण कमी काम करतो, काहीही असेल. खरं कारण ऊन आणि झालेलं जागरण. सरबत प्या आणि झोपा. बिअर आणायची तर आणा, पण दुसऱ्या सकाळी वर जाणाऱ्याला आदल्या रात्री नाही, हा नियम आमच्याकडे कुणीही मोडत नाही.

आणि गावात सहलीला आल्यासारखे जाऊ नका. मोठी शिडी तुमच्याकडे नसणार, ती शेजाऱ्यांकडेच मिळणार. पहिल्या पावसात तुमच्या माजघरात डोकावणारेही तेच. किल्ली त्यांच्याकडे ठेवा. आमच्या काकांचा जूनमध्ये फोन येतो, "आढ्यापासून तिसरी ओळ, पश्चिमेला, एक ठिबक." मी ते लिहून ठेवतो, पुढच्या मेमध्ये खडू घेऊन तिथूनच सुरुवात होते. एखादी ठिबक राहतेच. तिच्याखाली परात ठेवायची.

सोलं घालायची असतील तर पहिल्याच दिवशी रतांबे फोडा. साली मिठाच्या रसात बुडवून उन्हात, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. चार दिवसांत पुटं पुरी होत नाहीत, उरलेली शेजारच्या काकूंच्या अंगणात पूर्ण होतील आणि अर्धी त्यांची. रात्री जेवून मागच्या वाडीत एक चक्कर मारा, पहिल्या वळिवानंतर काजवे लागलेले असतात. दिव्यांच्या माळा त्यासाठीच नको म्हणतो. त्या लावल्यात तर काजवे दिसणार नाहीत.

झोपाळ्याचं राहिलं. तुळईला जुन्या कड्या असतील तर त्यांवर भरवसा ठेवू नका. तुळईही वाशांसारखीच टोचून बघा, मग तांदळाची पन्नास किलोची पोती टांगून रात्रभर ठेवा. एका माणसामागे दोन पोती, या हिशेबाने.

गाडीत मागे एक जुनं कौल गोणपाटात गुंडाळून ठेवायला विसरू नका, दुकानात दाखवायला. फोटोवरून खाचा कळत नाहीत.