‘हँगओव्हर’चा तिसरा भाग बघावा का?

तुम्ही विचारलंय की ‘द हँगओव्हर’ या हॉलिवूडच्या विनोदी सिनेमाचे पहिले दोन भाग बघून झालेत, पण तिसऱ्याला सगळेच नावं ठेवतात, त्यात म्हणे हँगओव्हरच नाही, मग दोन तास घालवावेत का? माझं उत्तर आहे, जरूर बघा. फक्त पहिल्या भागासारखं पोट धरून हसायला मिळेल या आशेने बसू नका. पुढे थोडं कथानक उघड होईल, तेवढं चालवून घ्या.

नावं ठेवणारे खोटं बोलत नाहीत, हे आधी मान्य करतो. २००९च्या पहिल्या भागाची खरी ताकद त्या विसरलेल्या रात्रीत होती. लग्नाआधीची पार्टी करायला चौघे लास वेगासला जातात. सकाळी तिघांना जाग येते तेव्हा बाथरूममध्ये वाघ, कपाटात तान्हं बाळ, त्यांच्यातल्या स्टूचा पुढचा दात गायब आणि नवरदेव डगचा पत्ता नाही. रात्री काय झालं ते त्यांना आठवत नाही आणि आपल्यालाही माहीत नाही. मनगटावर हॉस्पिटलचा पट्टा निघतो, गाडी मागवली तर हॉटेलचा माणूस पोलिसांची गाडी आणून उभी करतो, आणि अशी एकेक वस्तू आपल्याला आदल्या रात्रीत मागे मागे नेते. ती मुळात रहस्यकथाच होती, म्हणून तर एवढी रंगली. (तो दात मेकअपचा नव्हता बरं का. स्टू झालेल्या एड हेल्म्सचा तिथला दात कृत्रिमच होता, तो त्याने चित्रीकरणासाठी काढून ठेवला होता.)

२०११मध्ये हेच सगळं बँकॉकला झालं. वाघाच्या जागी माकड, दाताच्या जागी चेहऱ्यावर टॅटू. पैसे पहिल्याहून जास्त मिळाले, जगभरात सुमारे ५८ कोटी डॉलर, पण युक्ती आता सगळ्यांना पाठ झाली होती.

म्हणून २०१३मध्ये दिग्दर्शक टॉड फिलिप्सने ती रात्रच काढून टाकली. पार्टी नाही, शुद्ध हरपणं नाही. आधीच्या भागांतला गुन्हेगार चाऊ बँकॉकच्या तुरुंगातून पळालाय. त्याने चोरलेलं सोनं मार्शल नावाच्या गुंडाला परत हवंय, आणि त्यासाठी तो डगला ओलीस ठेवतो. बाकीच्या तिघांनी चाऊला शोधायचं. मेक्सिकोतलं टिहुआना, मग पुन्हा वेगास. गोष्ट सरळ पुढे पळते आणि तिथेच विनोदाचा दम जातो, कारण शोधायला आता चाऊ उरलाय, स्वतःची रात्र नाही. त्यात प्राण्यांचे हाल करणारे दोन-तीन प्रसंग आहेत, ते मला आजही बघवत नाहीत. कमाई ३६ कोटी डॉलरच्या आसपास राहिली, यात मला नवल वाटत नाही.

तरीही बघा म्हणतो, ते चौघांतल्या अ‍ॅलनसाठी. हा सिनेमा त्याचा आहे. सुरुवातीलाच तो जिराफ विकत घेतो, गाडीमागच्या ट्रेलरमध्ये उभा करून हायवेने निघतो, आणि समोर कमी उंचीचा पूल येतो. घरी वडील त्याला रागावतात आणि रागावता रागावताच हृदयविकाराने जातात. बेचाळिशीचा माणूस, कमाई नाही, सहा महिने औषधं बंद. घरचे आणि मित्र त्याला समोर बसवून सांगतात की आता उपचारांसाठी ॲरिझोनाला जावंच लागेल. तो म्हणतो, मित्र सोडायला येणार असतील तर जातो. पहिल्या दोन भागांत ज्याच्या वेडेपणावर आपण हसलो, त्याला त्या वेडेपणासकट जगायचं कसं, हा प्रश्न इथे पहिल्यांदा कुणाला तरी पडतो. फिलिप्सनेच पुढे २०१९मध्ये ‘जोकर’ केला. त्यातही घरात एकटा पडलेला आणि औषधं थांबलेला माणूस आहे. मला त्याची पहिली चाहूल इथे दिसते.

आम्ही पहिला भाग होस्टेलवर एका लॅपटॉपसमोर आठ जण दाटीवाटीने बसून पाहिला होता. आमच्यातल्या एकाला लगेच ‘अ‍ॅलन’ हे नाव पडलं, चार वर्षं तेच चाललं. तिसरा भाग लागला तेव्हा आम्ही चौघेच शहरात उरलो होतो, चौघेही गेलो. बाहेर चहा घेताना आमचा ‘अ‍ॅलन’ म्हणाला, “बाप गेल्यावर सगळे त्याला घेरून बसतात ना, तो सीन जड गेला रे.” त्याचे बाबा आदल्या वर्षी गेले होते. त्यानंतर मी त्याला त्या नावाने कधी हाक मारली नाही.

दोन प्रसंग नीट बघा. एक गहाणवटीच्या दुकानातला. काउंटरमागे कॅसी आहे, मेलिसा मॅकार्थीने केलेली. स्वतःच्या आईवर खेकसणारी, अगदी अ‍ॅलनसारखीच. तिच्या हातात लॉलीपॉप. तो अ‍ॅलनच्या तोंडात जातो, परत तिच्या तोंडात येतो, आणि दोघांची नजर हलत नाही. बाजूला मित्र अवघडून उभे. किळस यावी असा प्रसंग आहे, पण अ‍ॅलन झालेल्या झॅक गॅलिफियानाकिसचा चेहरा बघा. आपल्यासारखंच कुणीतरी भेटल्यावर माणूस कसा निवळतो, ते त्यावर दिसतं.

दुसरा शेवटाकडचा. चाऊ अ‍ॅलनला सोन्याची वीट देऊ करतो. अ‍ॅलन ती घेत नाही, वर सांगतो की आपली मैत्री आता पुरे, तुझी संगत मला चांगली नाही. मालिकाभर ज्याला कुणी शहाणं मानलं नाही, तो हे बोलतो, आणि चाऊचं तोंड एवढंसं होतं. केन जाँगने तो क्षण फार सांभाळून केलाय. इतका वेळ जो नुसता धिंगाणा होता, त्यालाही मित्र हवा होता हे तेव्हा कळतं.

पहिला भाग पुन्हा एकदा बघून मगच हा लावा, कारण त्यातलं ते बाळ इथे चार वर्षांचं होऊन भेटतं. आणि शेवटी पडद्यावर नावं सुरू झाली की उठू नका. हँगओव्हरच्या ज्या सकाळसाठी तुम्ही दोन तास थांबलात, ती तिथे आहे.