बुंदी दिलीत, की देऊन टाकलीत?

प्रश्न : आम्ही पाच जणांनी मिळून नाशिकमध्ये भटक्या आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांसाठी ट्रस्ट काढला. मखमलाबादच्या पुढे भाड्याच्या जागेत शेल्टर आहे, तिथून कुत्री चांगली घरं बघून दत्तक देतो. पाचातले दोन विश्वस्त गेल्या दिवाळीत सोडून गेले, बाकीचे आम्ही चालवतोय. वर्षभरापूर्वी बुंदी नावाची कुत्री गंगापूर रोडच्या एका कुटुंबाला दिली. फॉर्मवर सही घेतली, तीन हजार रुपये घेतले. आता कळलं की त्यांनी ती परस्पर दिंडोरी तालुक्यात नातेवाइकाच्या द्राक्षबागेवर पाठवली आहे. तिथे दिवसभर आखूड साखळीला बांधलेली असते. शेल्टरवर मदतीला येणाऱ्या मुलांपैकी एकाने कुंपणाबाहेरून फोटो काढून कुटुंबाचं नाव आणि फ्लॅट नंबर टाकून व्हॉट्सअॅपवर फिरवला. त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : कुत्री विकत घेतली, ती आमच्या मालकीची, बदनामीचे पाच लाख द्या, आणि ती बागेतल्या मजुराला चावली, तो खर्चही तुमचाच. ही मुलं म्हणतात, रात्री जाऊन घेऊन येऊ. जाऊ द्यावं का? फॉर्मची, पावतीची प्रत आणि तो फोटो सोबत जोडला आहे.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, मुलांना आधी घरी बसवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरी म्हणजे काय हे उदाहरणं देऊन समजावलं आहे, आणि त्यातलं एक उदाहरण नेमकं कुत्र्याचं आहे. एखाद्याने खिशात कुत्र्याला आवडणारं आमिष ठेवलं, त्या वासावर दुसऱ्याचा कुत्रा त्याच्या मागे निघाला, आणि नेणाऱ्याचा हेतू लबाडीचा असला, तर कुत्र्याने पहिलं पाऊल टाकलं त्या क्षणी चोरी पूर्ण झाली. १८६० च्या दंड संहितेत हे उदाहरण होतं, नव्या संहितेतही ते तसंच आलं. तुमच्या मुलांच्या खिशात बिस्किटांचा पुडा असणार, हे मी न बघता सांगतो. ‘ती आमचीच आहे अशी प्रामाणिक समजूत होती’ हा बचाव कायद्यात आहे, नाही असं नाही. पण तो कोर्टात चालतो, रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात नाही. दुसऱ्याच्या शेतात शिरल्याचं कलम वेगळं लागेल.

आता मुळाशी येऊ. तुमच्या फॉर्मवर मोठ्या अक्षरात ‘दत्तक करारनामा’ छापलंय. सगळेच छापतात. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचे कुत्रे महापालिकेकडे अर्ज करून दत्तक घेता येतील असं म्हटलं, आणि ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाहीत याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. तरी दत्तक घेतल्याने नातं तयार होतं ते माणसांच्या मुलांबाबत. कुत्रा कायद्याच्या लेखी आजही जंगम मालमत्ता आहे. तुम्हाला-मला ते कितीही खटकलं तरी. त्यामुळे कोर्ट एवढंच विचारेल : तुम्ही बुंदी सांभाळायला दिलीत, बक्षीस दिलीत, की विकलीत? आपल्याकडे खेड्यात शेळी निम्म्या वाट्याने सांभाळायला देतात, तेव्हा शेळी कोणाची याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. ‘दिली’ आणि ‘देऊन टाकली’ यातला फरक तिथे अंगठेबहाद्दरालाही कळतो. तो फरक तुमच्या छापील फॉर्ममध्ये मात्र कुठेच नाही.

विकली असं समोरचे म्हणतात, कारण पावतीवर ‘दत्तक शुल्क रु. ३,०००’ लिहिलंय. शुल्क हा शब्द तुम्ही टाळायला हवा होता. विक्री ठरली तर बक्षिसाचा कायदा बाजूला पडतो, आणि ‘तुम्ही कुत्री विकता, मग पेट शॉपचे २०१८ चे नियम पाळता का’ असा उलटा प्रश्न येऊ शकतो. पण घाबरू नका. बुंदीचं निर्बीजीकरण, लसी, जंतांची औषधं यांची डॉक्टरांची बिलं काढा. खर्च तीन हजारांच्या वर गेला असेल, आणि बहुधा गेलाच असेल, तर ती रक्कम किंमत नव्हे, खर्चाचा काही भाग होता हे सरळ दाखवता येतं. (या पैशांवर देणगीच्या आयकर सवलतीची, म्हणजे ८०जीची पावती दिली नसेल अशी आशा आहे. काही घेऊन दिलेले पैसे म्हणजे देणगी नव्हे. शिवाय दोन हजारांच्या वरची रोख देणगी त्या सवलतीत बसतही नाही.)

बक्षीस धरलं, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागतो. अनेकांना वाटतं तो फक्त जमिनी-घरांचा कायदा आहे. बक्षिसाची कलमं जंगम वस्तूंनाही लागतात. तुमच्या फॉर्ममधली अट ३ म्हणते, ‘हा प्राणी अन्य कोणासही कधीही देणार नाही.’ वाचायला कडक वाटते, पण हीच कच्ची आहे. एकदा वस्तू दिली आणि ती पुढे देण्यावर सरसकट बंदी घातली, तर कलम १० प्रमाणे ती बंदी रद्दबातल. अट ७ तर विसरूनच जा : ‘संस्थेस वाटेल तेव्हा प्राणी परत घेण्याचा अधिकार राहील.’ देणाऱ्याच्या मर्जीवर परत घेता येणारं बक्षीस कलम १२६ प्रमाणे टिकत नाही. दिलं ते दिलं, मर्जी फिरली म्हणून परत नाही.

तुम्हाला तारणारी अट आहे ती पाचवी. ‘पाळणे शक्य न झाल्यास प्राणी प्रथम संस्थेस परत करीन, तसे न केल्यास हे देणे रद्द समजावे.’ ही कोणी लिहून दिली माहीत नाही, पण त्या माणसाला चहा पाजा. इथे पुढे देण्यावर सरसकट बंदी नाही, फक्त पहिला हक्क तुमचा. आणि रद्द होणं तुमच्या मर्जीवर नसून एका ठरलेल्या घटनेवर अवलंबून आहे. तेच कलम १२६ अशा ठरलेल्या घटनेवरचं रद्द होणं मान्य करतं. त्यांनी तुम्हाला न विचारता कुत्री बागेवर पाठवली, म्हणजे ती घटना घडली. ते म्हणतील, ‘दिली नाही, नातेवाइकाकडे फक्त ठेवली.’ म्हणून महापालिकेचा पाळीव कुत्र्याचा परवाना काढला होता का, कोणाच्या नावावर, यंदाची रेबीजची लस कोणी दिली, हे शोधा. सगळं नातेवाइकाच्या नावावर निघालं तर त्यांचं म्हणणं तिथेच बसतं.

अट ८ मधला पंचवीस हजारांचा दंड मागू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात कितीही आकडा लिहा, कोर्ट वाजवी भरपाईच देतं. आणि पैसे मागितलेत की ‘यांना कुत्री नको, पैसे हवेत’ असं चित्र उभं राहतं.

साखळीबद्दल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात कलम ११(१) मध्ये आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि लगेच पुढच्या पोटकलमात कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरायला न नेणं हाही. शिक्षा विचाराल तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज कॉलेज रोडला धड मिसळ येत नाही. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र आहे. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतील आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत. तरीही एनसी नोंदवा. दोषी ठरल्यावर जनावर मालकाकडून काढून घेण्याचा अधिकार कलम २९ मध्ये कोर्टाला आहे, पण आधीची शिक्षा किंवा पुढेही छळ होईल अशी शक्यता दिसावी लागते. आजची नोंद उद्या तिथे उपयोगी पडते.

मजुराचं आधी माणूस म्हणून बघा. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुतली होती का, लसीचे सगळे डोस झाले का, याची चौकशी करा. राहिले असतील तर जिल्हा रुग्णालयात न्यायला सांगा. रेबीजला नंतर औषध नाही. जबाबदारीचं म्हणाल तर न्याय संहितेचं कलम २९१ जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून काळजीची अपेक्षा करतं, आणि ताबा बागवाल्याचा आहे. एकच धोका : बुंदी तुमच्याकडे असताना कोणाला चावली होती आणि तुम्ही ते देताना सांगितलं नाही, असं असेल तर मला आत्ताच कळवा. फॉर्मवर तो रकाना कोरा दिसतोय.

बदनामीचे पाच लाख हा वकिली आकडा आहे, त्यावर झोप घालवू नका. खरी गोष्ट, लोकहितासाठी सांगितलेली, हा न्याय संहितेच्या कलम ३५६ मधला अपवाद तुमच्या बाजूला आहे. पण फ्लॅट नंबर जाहीर करण्यात कसलं लोकहित? ती पोस्ट आजच काढा. आणि ‘सॉरी काका, मुलाची चूक झाली’ असे निरोप पाठवू नका. ते छापून दाव्याला जोडले जातात.

तुम्ही ओघात लिहिलेलं दोन विश्वस्तांचं वाक्य मला नोटिशीपेक्षा जास्त टोचलं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. कळवला नसेल तर त्यांच्या दप्तरी आजही पाच विश्वस्त आहेत, आणि तुम्ही तिघांनी दावा लावलात की पहिली हरकत हीच येईल. उशीर माफ करण्याच्या विनंतीसह बदल अर्ज या आठवड्यात टाका. सोडून गेलेल्यांचे लेखी राजीनामे आहेत ना? तोंडी असतील तर भांडण विसरून त्यांच्या सह्या आणा. मग बुंदी परत मागण्याचा ठराव इतिवृत्तात लिहा. नोटिशीला उत्तर ट्रस्टच्या नावाने जाऊ द्या, तुमच्या नाही.

उत्तरात अट ५ दाखवून पंधरा दिवसांत कुत्री मागा, आणि तीन हजार परत करण्याची तयारी लिहा. नाही ऐकलं तर लगेच दावा नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा. कोर्ट फी नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर ती हुकूमनाम्यासारखी पक्की, त्यावर अपील नाही. दोन भावांच्या वाटणीत माझ्याकडे एकदा एक लॅब्रेडॉर आला होता. फ्लॅट वर्षभरात वाटला गेला, कुत्रा दोन वर्षं अडला, आणि तेवढ्यात म्हातारा झाला. तुमच्या समोरच्यांना कुत्री नकोच आहे, ग्रुपवर नाव आल्याचा राग आहे. तो टेबलावर बसून उतरतो. नाहीच उतरला, तर विशिष्ट जंगम वस्तू परत मिळवण्याचा दावा १९६३ च्या विशिष्ट साहाय्य अधिनियमाखाली आहेच.

पुढच्या कुत्र्यांसाठी फॉर्म बदला. पहिले तीन महिने ‘सांभाळण्यासाठी सुपूर्द, मालकी संस्थेची’ असं लिहा. करार कायद्यात याला निक्षेप म्हणतात आणि मुदत संपली की वस्तू परत मागता येते. घर बघून, कुत्रं रुळलेलं बघून मग दुसऱ्या कागदावर मालकी द्या, अट ५ कायम ठेवून. ३, ७ आणि ८ खोडा.

राहिला फोटो. ग्रुपवरून काढा म्हटलं, फोनमधून नाही. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडायचं तर मूळ फाइल लागेल, आणि त्यावर त्या मुलाची आणि एका तज्ज्ञाची, अशा दोघांच्या सह्या लागतील. फोटोत बुंदीच्या मागे द्राक्षाची प्लास्टिकची क्रेट दिसतेय. तसलीच एक क्रेट बाजार समितीतून आणा आणि मोजा. तिच्या मापावरून साखळी किती फूट आहे ते काढता येईल.