मडक्यातला आवाज, डबीतला आवाज

वाचकांचे प्रश्न, दुरुस्तीवाल्याची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे हॅम रेडिओच्या दोन रिग, म्हणजे बोलायचे-ऐकायचे सेट, आहेत. एक आयकॉम ७३००, दुसरं स्वतः जोडलेलं यूबिटेक्सचं किट. सकाळी ७ मेगाहर्ट्झवरच्या गप्पांना मी रोज असतो. ७३०० वर बोललो की मंडळी म्हणतात, ‘मडक्यात तोंड घातलंय का?’ किटवर गेलो की म्हणतात, ‘आता डब्यात शिरला.’ माणूस तोच, घसा तोच. किटचा माइक मी सुपारीच्या पत्र्याच्या डबीत इलेक्ट्रेट कॅप्सूल (माइकचा छोटा दाणा) बसवून केला आहे. ७३०० चा बास पूर्ण वाढवला आहे, टीबीडब्ल्यू (बाहेर जाणाऱ्या आवाजाची रुंदी) वाइडवर आहे. दोन्हींचा आवाज मोजून सारखा कसा करायचा?
– एक हॅम, मिरज

उत्तर : मंडळी बरोबर बोलतायत. तुम्ही खरोखरच डबीतून बोलताय! पत्र्याच्या पोकळ डबीला तिचा स्वतःचा सूर असतो आणि तुमच्या प्रत्येक शब्दावर ती तो चढवते. आत कापूस भरा, कॅप्सूल अगदी तोंडाशी, भोकाला चिकटून बसवा. पण किटचा दोष तेवढाच असेल असं मला वाटत नाही, म्हणून पुढचं सगळं वाचा.

आधी रिपोर्टबद्दल, म्हणजे ऐकणारा तुमच्या सिग्नलला देतो त्या गुणांबद्दल. आपल्याकडे कुणालाही विचारा, ‘ओएम (मित्रा), फाइव्ह नाइन (पैकीच्या पैकी), फार सुंदर!’ समोरच्याचं नाव विचारायला तीनदा लावलं तरी फाइव्ह नाइनच. त्या दिवशी बँड कसा आहे, ऐकणाऱ्याचा फिल्टर किती रुंद आहे, त्याचा स्पीकर कसला आहे, हे सगळं त्या रिपोर्टात मिसळलेलं असतं. त्यावर बटणं फिरवत बसलात तर वर्षभर फिरवाल. मी फिरवलीत.

तुम्ही मिरजेचे, म्हणजे सतारमेकर गल्ली तुमच्या पायाखालची. दोन तानपुरे एकाच सुरात लावलेले असतात, तरी एक गुंजतो आणि एक ठोकळ्यासारखा वाजतो. फरक जवारीचा. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतो आणि एका जागी तार बोलायला लागते. तुमच्या किटमध्ये तो धागा म्हणजे बीएफओ, किटच्या आतला एक ऑसिलेटर. त्याच्याकडे येतोच.

मोजण्यासाठी तिसरा रिसीव्हर लागतो. एका रिगवर दुसरी ऐकू नका, कारण मग दोघींचे दोष एकमेकांत कालवले जातात. एचएफ (शॉर्टवेव्ह) ऐकणारा एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर, आणि लॅपटॉप पुरे. रिग डमी लोडवर (अँटेनाऐवजी ताकद जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) लावा, म्हणजे हवेत काही जात नाही आणि शेजाऱ्याच्या टीव्हीलाही त्रास नाही. डोंगलला हातभर वायर अँटेना म्हणून लावून तो दहा फुटांवर ठेवा. रिगच्या सॉकेटला थेट लावायचा नाही, दहा वॉटमध्ये त्याचा जीव जाईल. सॉफ्टवेअरमध्ये एलएसबी (खालची साइडबँड, ७ मेगाहर्ट्झवर तीच वापरतात), फिल्टर उघडून ४ किलोहर्ट्झ, एजीसी (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती जागा. एसएसबीत, म्हणजे एकच साइडबँड पाठवायच्या पद्धतीत, रिसीव्हर १०० हर्ट्झ इकडेतिकडे असला की सगळा आवाज तेवढाच सरकतो. तुमचा ३०० हर्ट्झ तिथे ४०० दिसेल आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसाल. म्हणून प्रत्येक मोजणीआधी रिगमध्ये १००० हर्ट्झचा शुद्ध सूर सोडा आणि डोंगलवर तो बरोबर १००० दिसेपर्यंत ट्यून करा. रिग बदलली की पुन्हा. किटला काही बदल केला की पुन्हा.

सूर सोडायचा फोनमधून, पण हेडफोनचा आवाज माइकच्या मानाने फार मोठा. १० किलोओहम आणि १०० ओहमच्या रेझिस्टरचा डिव्हायडर करा, आवाज सुमारे ४० डीबी खाली, म्हणजे शंभराव्या हिश्शावर येतो. दोन्ही रिगच्या माइकच्या तारेवर इलेक्ट्रेटसाठी डीसी असतो, तो अडवायला मध्ये कपॅसिटर हवा. इथे मी स्वतः आपटलोय. गणपती पेठेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या खणात हाताला लागला तो १ मायक्रोफॅरडचा घातला, आणि दोन दिवस ‘या रिगला खालचा आवाजच नाही’ म्हणून डोकं खाजवत बसलो. ६०० ओहमच्या इनपुटवर १ मायक्रोफॅरड २६५ हर्ट्झपासूनच आवाज खाली खेचायला लागतो. १० मायक्रोफॅरड घाला, ती हद्द २६ हर्ट्झवर जाते. फोन चार्जरवर ठेवू नका, नाहीतर आलेखात ५० हर्ट्झ आणि त्याची पिलावळ दिसेल.

सूर जुळला की व्हाइट नॉइज, म्हणजे सगळे सूर सारखे मिसळलेला खरखराट. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो तयार करता येतो. कॉम्प्रेसर बंद, ७३०० चे बास-ट्रेबल शून्यावर, एएलसीचा (जोर हद्दीबाहेर गेला की आपोआप आवरणाऱ्या सोयीचा) काटा हलणार नाही इतका हलका गेन. डोंगलचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, त्याहून जास्त नको, कारण बोलण्यात श्वास असतो, नॉइजमध्ये नसतो आणि किटचे आयआरएफ ५१० (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) लगेच तापतात. मग त्याच ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम काढा, साइज ४०९६. १००० हर्ट्झची उंची शून्य धरून ३००, ५००, १५००, २०००, २५०० ला किती डीबी वर-खाली आहे ते वहीत लिहा. दोन रिग, दोन रकाने. दोन्हींना सूर, डिव्हायडर, डोंगल तेच असल्यामुळे त्यांचे दोष दोन्ही रकान्यांत सारखेच पडतात. तुम्हाला हवा आहे तो फरक, आणि फरकातून ते वजा होतात.

७३०० चा आलेख जवळजवळ सपाट येईल. तिथे आवाज गणिताने कापला जातो आणि वाइड म्हणजे मूळ सेटिंगला १०० ते २९००. किटचा आलेख मात्र डावीकडे कोसळलेला असेल, असा माझा अंदाज. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या या यूबिटेक्स रचनेत आवाज क्रिस्टल फिल्टरमधून जातो. फिल्टर म्हणजे ठरलेल्या रुंदीची खिडकी, आणि बीएफओ त्या खिडकीपासून किती लांब उभा आहे त्यावर तुमच्या आवाजाचा कुठला तुकडा बाहेर जाणार ते ठरतं. लांब गेला की खालचा भाग कापला जातो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. फार जवळ आला तर आवाज घुमतो, वरचा भाग जातो आणि दुसरी साइडबँड गळायला लागते. माझ्या किटवर ३०० हर्ट्झ १६ डीबी खाली होता. मेनूतून बीएफओ ५०-५० हर्ट्झने सरकवत गेलो, ६ डीबीवर आला. त्या बदल्यात वरचे दोनेकशे हर्ट्झ गेले. खिडकी तेवढीच, एका बाजूला मिळवलं की दुसऱ्या बाजूला द्यावं लागतं. या किटमध्ये ऐकणं आणि बोलणं दोन्ही त्याच फिल्टरमधून चालतं, त्यामुळे बीएफओ जागेवर आला की तुमचं ऐकणंही सुधारेल.

किट याहून रुंद होणार नाही. आता मोठ्या भावाने वाकायचं. ७३०० मध्ये टीबीडब्ल्यूचे तीन कप्पे आहेत आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडा बदलता येतात. एका कप्प्यात खाली ३०० आणि वर २५०० ठेवा. बास आणि ट्रेबल शून्यापासून एकेक पायरी हलवून किटच्या रकान्याशी जुळवा. दोन-तीन डीबीचा फरक राहू द्या, मिरजेपासून बेळगावपर्यंत कुणाला कळणार नाही. पूर्ण वाढवलेला बास म्हणजे तुमचं मडकं. १०० ते ३०० हर्ट्झमध्ये तुमची ताकद खर्च होते आणि त्यातून एक अक्षरही जास्त कळत नाही. रेडिओ निवेदकासारखा आवाज हवा असेल तर तो एफएमवर काढा, ४० मीटरच्या (७ मेगाहर्ट्झच्या) गर्दीत नको.

मग माइक. हाच नॉइज एका छोट्या स्पीकरमधून, माइकपासून मोजून पाच सेंटिमीटरवर, आणि पुन्हा दोन रकाने. आता जो नवा फरक दिसेल तो फक्त माइकचा. डबीचा सूर इथे टेकडीसारखा उभा दिसेल. कापूस घालून पुन्हा मोजा. पंखा बंद करायला विसरू नका.

शेवटी जोर. ७३०० ला एएलसी आहे, किटला नाही, त्यामुळे किटवर जास्त ओरडलात की लाटेचा माथा सरळ कापला जातो. ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर सारख्या उंचीचे एकदम सोडा. डोंगलवर डायलच्या, म्हणजे रिगवर लावलेल्या फ्रिक्वेन्सीच्या, खाली ७०० आणि १९०० ला दोन रेषा दिसतील. खाली ३१०० ला आणि डायलच्या वर ५०० ला चोर रेषा उभ्या राहतील. त्या निदान २५ डीबी खाली जाईपर्यंत बोर्डावरचा ड्राइव्हचा (जोर ठरवणारा) प्रीसेट मागे घ्या. साधा वॉटमीटर अशा वेळी निम्मं किंवा त्याहूनही थोडं कमी दाखवतो, १० वॉट पीक असेल तर ४-५. घाबरून प्रीसेट पुन्हा वाढवू नका. ऑसिलोस्कोपवर हे जास्त सुंदर दिसतं, पण माझा २०१९ च्या पुरात दुकानातच बुडाला, तेव्हापासून डोंगलवर भागवतो. किटला कॉम्प्रेसर नाही, म्हणून ७३०० चाही जेमतेम ठेवा, नाहीतर आलेख जुळूनही एक रिग मोठ्याने बोलल्यासारखी वाटेल.

सगळं झाल्यावर दोन्हींवर ‘चटईला टाचणी टोचली’ पाच वेळा आणि ‘साठ, आठ, सात’ दहा वेळा बोला, रेकॉर्ड करा आणि घरातल्या कुणाला रिगचं नाव न सांगता ऐकवा. स चा मोठा भाग ३००० हर्ट्झच्या वर असतो, तो दोन्हींत कापला जाणारच, त्यामुळे साठ-आठचा घोळ दोन्हींवर सारखा झाला तर जुळलं.

प्रश्न : काका, आम्ही दोघं भाऊ टू मीटरवर (१४४ मेगाहर्ट्झच्या बँडवर) हँडहेल्ड वापरतो, मॉडेल एकच. माझा आवाज सगळ्यांना नेहमी बारीक येतो, भावाचा ठणठणीत. माझा माइक गेला का?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : माइक काढू नका. तुमचा सेट मेनूत नॅरोवर असणार आणि भावाचा वाइडवर. एफएममध्ये आवाजाचा जोर डेव्हिएशनवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी किती इकडेतिकडे हलते त्यावर, असतो. वाइडला ते ५ किलोहर्ट्झपर्यंत जातं, नॅरोला २.५. वाइडवर ऐकणाऱ्याला तुमचा आवाज निम्मा, म्हणजे ६ डीबी कमी येतो. उलट नॅरोवर ऐकणाऱ्याला भावाचा आवाज फाटलेला येत असेल, विचारून बघा. तुमचे बोलणारे ज्या रुंदीवर आहेत त्यावर दोघंही या, आणि ज्या चॅनेलवर बोलता त्या प्रत्येक मेमरीत ते सेव्ह करा, कारण बऱ्याच सेटमध्ये ही सेटिंग प्रत्येक मेमरीची वेगळी असते. एखादी राहिली तर महिन्याभराने भावाचं पत्र येईल, याच प्रश्नाचं.