पॅक्स-६ डोळ्याचं जनुक, मग एमआरआय मेंदूचा का?

तुमच्या भाचीला अ‍ॅनिरिडिया आहे, म्हणजे बुबुळाचा रंगीत पडदा जवळजवळ नाहीच, आणि चाचणीत पॅक्स-६ जनुकात बदल निघाला. हे डोळ्याचं जनुक असताना डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय का सांगितला, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं उंदरांच्या गर्भात याच जनुकावर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘डोळ्याचं जनुक’ ही ओळख १९९५ मध्ये पक्की झाली. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने उंदराचं पॅक्स-६ फळमाशीच्या पायात, पंखात चालू केलं, तर तिथे डोळे उगवले. तेही माशीचेच, उंदराचे नव्हेत! कारण पॅक्स-६ स्वतः काही घडवत नाही. त्याचं प्रथिन डीएनएवर बसून इतर जनुकं चालू-बंद करतं. कुठल्या पेशीत बसलंय, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

गर्भाच्या मेंदूत ते कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, मूळपेशींमध्ये असतं. मूळपेशीने आणखी विभागत राहायचं की आता चेतापेशी घडवायची, हा तोल ते सांभाळतं. मला सर्वात विलक्षण वाटतं ते त्याचं प्रमाण. पुढच्या बाजूला भरपूर, मागे विरळ होत गेलेलं. ईएमएक्स-२ या जनुकाचं नेमकं उलटं. या चढ-उतारावरून पेशीला आपली जागा कळते. पॅक्स-६ नसलेल्या उंदरात कॉर्टेक्सचे पुढचे भाग आक्रसतात आणि मागचा, दृष्टीचा भाग पुढे सरकतो. अशी पिल्लं डोळ्यांविना जन्मतात आणि लगेच दगावतात.

अ‍ॅनिरिडियात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक शाबूत असते, त्यामुळे भाचीची तुलना त्या पिल्लांशी अजिबात करू नका. तरी काही मुलांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजू जोडणारा अँटिरिअर कमिशर बारीक दिसतो किंवा दिसतच नाही, पिनियल ग्रंथी लहान असते. झोपेची वेळ सांभाळणारं मेलाटोनिन हे संप्रेरक तिथूनच येतं, म्हणून झोपेकडे लक्ष ठेवा. कानाची साधी चाचणी नॉर्मल येऊनही काहींना गोंगाटात बोलणं नीट उमगत नाही. शाळेत शिक्षकांना हे सांगून पुढचा बाक मागून घ्या.

आणि रिपोर्टमध्ये एक गोष्ट नक्की बघा: बदल फक्त पॅक्स-६ मध्ये आहे, की ११व्या गुणसूत्राचा तुकडाच गळालाय? शेजारचं डब्ल्यूटी-१ हे जनुकही गेलं असेल तर विल्म्स ट्यूमर या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो आणि पोटाची सोनोग्राफी ठरावीक अंतराने करत राहावी लागते. हे डॉक्टरांना लगेच विचारा, पुढच्या भेटीची वाट बघू नका.