पिवळ्या कपलरला घरी हात लावू नका

जुन्या गाडीच्या आतले पॅनेल, मधला कन्सोल, दरवाज्याचे पॅड घरच्या घरी कसे काढायचे, या एकाच विषयावर इतके प्रश्न साचले आहेत की आता सगळ्यांची उत्तरं एकत्रच देतो. असे प्रश्न का येतात ते समजतं. पंधरा वर्षं झालेल्या एमएच १३, म्हणजे सोलापूरच्या गाडीचं पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा रजिस्ट्रेशन झालं की मालक तिच्यावर थोडा जीव लावतो. नवा टेप येतो, स्पीकर येतात, सीट कव्हर येतात. त्यात गैर काहीच नाही. पण कुणाच्या तरी दुसऱ्याच मॉडेलचा व्हिडिओ बघून रविवारी दुपारी गाडी उघडायची आणि सोमवारी अर्धा डॅशबोर्ड डिकीत घालून गॅरेजला यायचं, हे थांबायला हवं.

मधला कन्सोल काढायचा आहे. दिसतील तेवढे स्क्रू काढले, तरी जागचा हलत नाही. जोर लावू का? (विजापूर रोड)

अजिबात नको. हलत नाही म्हणजे न दिसणारा स्क्रू राहिला आहे. ॲशट्रे बाहेर काढून तिच्यामागे बघा. कप होल्डरच्या तळाचं रबर उचला. हँडब्रेकच्या दोन्ही बाजूंना छोट्या टोप्या असतात, त्यांच्याखाली बघा. गिअरचा नॉब बहुतेक जुन्या गाड्यांत उलटा फिरवला की निघतो. काहींत मात्र खाली लॉक असतं, आणि तिथे नुसतं फिरवत बसलात तर नॉब खराब होतो. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक पूर्ण वर ओढल्याशिवाय किंवा गिअर बदलल्याशिवाय कन्सोल बाहेर येत नाही. म्हणून हे काम सपाट जागेवर आणि चाकांना पुढूनमागून दगड लावूनच करायचं. कन्सोल थोडा उचलला की आधी खाली हात घालून कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग शोधा. लायटरचा असतो, पॉवर विंडोच्या बटणांचा असतो. कपलरचं लॉक दाबून तो सोडवायचा, वायर धरून ओढायची नाही. प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि सीटवर टॉवेल पसरून निघालेले स्क्रू त्याच क्रमाने मांडा. एवढं करूनही अडलं तर थांबा आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल ज्याच्याकडे आहे त्याला दाखवा.

क्लिप उचकटायला स्क्रू ड्रायव्हर चालेल का? (बार्शी)

नाही. पॅनेल काढायची प्लास्टिकची पट्टी ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते, ती घ्या.

पॅनेलला हात लावला की तुकडाच हातात येतो. हीट गनने तापवून काढावं असं एकाने सांगितलं. (अक्कलकोट रोड)

सांगणाऱ्याने स्वतःच्या गाडीवर करून बघितलंय का, ते विचारा. हीट गनचा झोत एका जागी जरा रेंगाळला की पॅनेल वाकतं, आणि मागच्या वायरिंगचं काय झालं ते तुम्हाला दिसतही नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर तो कितीतरी अधिक चढतो. वर्षानुवर्षं असं तापून प्लास्टिकचा लवचीकपणा गेलेला असतो. त्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी ते आणखी कडक होतं, म्हणून त्या दिवसांत गाडी दोन तास उन्हात ठेवून मगच काम सुरू करा. मेमध्ये मात्र भर दुपारी नको. तेव्हा चिकटवलेलं कापड आणि फोम सुटून येतो. नवीन क्लिप आधी आणून ठेवा, कारण जुन्यांपैकी काही तुटणारच. आणि तुकडा एअरबॅगच्या झाकणाचा किंवा त्याला लागून असलेला असेल तर फेविक्विकने जोडू नका. तो भाग बदलायचाच असतो, आणि तोही गॅरेजमध्ये.

मारुती ८०० ची काच फिरवायची मूठ निघत नाही. स्क्रूच नाही. (मोहोळ)

मुठीच्या मागे घोड्याच्या नालासारखी तारेची क्लिप असते. मूठ आणि पॅड यांच्या फटीत जुन्या कापडाची पट्टी घाला आणि दोन्ही टोकं धरून इकडून तिकडे ओढत राहा. क्लिप निसटून बाहेर उडते, म्हणून दुसऱ्याला बाजूला उभं करून ती कुठे पडते यावर लक्ष ठेवायला सांगा.

दरवाज्यात स्पीकर बसवले आणि तेव्हापासून पावसात कार्पेट ओलं होतं. दुकानदार म्हणतो, रबर गेलंय. (होटगी रोड)

रबर जाण्यासाठी नेमका स्पीकर बसवायचाच दिवस सापडला? पॅडच्या मागे पत्र्यावर प्लास्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. काचेवरून दरवाज्यात उतरणारं पाणी तो आत येऊ देत नाही, खालच्या भोकांतून बाहेर सोडतो. बसवणाऱ्याने तो फाडला किंवा फेकला असणार. पॅड पुन्हा उघडायला लावा, पडदा बसवून घ्या आणि दरवाज्याच्या तळाची भोकं मोकळी आहेत ना, ते समोर उभं राहून बघा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबलात तर कार्पेटखालचा पत्रा गंजेल.

सेकंड हँड गाडी घेतली. आठ महिन्यांपासून एअरबॅगचा लाल दिवा जळतोय. स्टिअरिंगचं पॅड आणि टेपच्या बाजूचं पॅनेल काढून मीच कपलर हलवून बघू का? ॲक्सेसरीजवाला म्हणतो, बल्ब काढून टाकतो, जुन्या गाडीत एअरबॅग कुठे असते. (जुळे सोलापूर)

आठ महिने! या उत्तराला मी जास्त जागा देणार आहे, कारण बाकीच्या प्रश्नांत पॅनेल तुटतं आणि इथे माणूस जातो.

जुन्या गाडीत एअरबॅग नसते, ही ऐकीव गोष्ट आहे. आपल्याकडे नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पण वरच्या मॉडेलांत ती त्याआधी कितीतरी वर्षं येत होती. स्टिअरिंगवर किंवा डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एसआरएस अक्षरं असतील तर गाडीत एअरबॅग आहे असंच धरून चाला. तिच्या वायरिंगचे कपलर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात. ते स्टिअरिंगच्या खाली सापडतात, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतात. काही गाड्यांत ते सीटखाली असतात आणि मधल्या खांबात सीट बेल्टपाशीही असतात, कारण बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेतही स्फोटक असतं.

एअरबॅगच्या पिशवीच्या मागे स्फोटाची दारू असते. थोडीशी वीज मिळाली की ती पेटते आणि सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षा कमी वेळात पिशवी फुगते. तुमचा चेहरा तेव्हा त्या पॅडवर वाकलेला असेल तर काय होईल? म्हणून त्या कपलरला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावायचा नाही. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं म्हणजे झालं, हेही खरं नाही. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये वीज साठून राहते. किती वेळ थांबायचं ते कंपनीप्रमाणे बदलतं. कुणी दीड मिनिट सांगतं, कुणी तीन, कुणी त्याहून जास्त. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा. शेजाऱ्याच्या गाडीचा कामाचा नाही. स्टिअरिंग काढून वाकडंतिकडं बसवलं तर आतली गुंडाळलेली वायरची पट्टी तुटते आणि हॉर्न व एअरबॅग दोन्ही बंद पडतात. कपलर सुटा असताना चावी फिरवली तर युनिटमध्ये बिघाडाची नोंद होते. ती घालवायला पुन्हा बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लागतोच.

आता बल्बबद्दल. चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. जळत राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे आणि अपघातात एअरबॅग उघडेलच असं धरता येत नाही. मुळीच लागला नाही तर बहुधा बल्ब काढला आहे किंवा त्यावर टेप लावली आहे. एकदा उघडलेली बॅग बदलायचा खर्च वाचवायला नुसतं झाकण बसवतात, कपलरमध्ये रेझिस्टर घालून युनिटला फसवतात आणि गाडी विकतात. तो दिवा विझवण्यासाठी पैसे घेणारा माणूस तुमच्या घरच्यांच्या जिवावर पैसे घेतो आहे. जुनी गाडी घेताना इंजिनाच्या आवाजाआधी हा दिवा बघत जा. भंगारातली बॅग स्वस्त मिळते म्हणूनही बसवू नका.

याच संदर्भात आणखी दोन गोष्टी. जुनी होंडा सिटी, जॅझ, सिव्हिक किंवा अकॉर्ड असेल तर चॅसिस नंबर कंपनीकडे तपासून घ्या. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधली, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या भागातली दारू उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते आणि फुटताना धातूचे तुकडे उडतात. होंडाने आपल्याकडेही अशा गाड्या परत बोलावून तो भाग फुकट बदलून दिला आहे. मागच्या मालकाने ते करून घेतलं का, हे तुम्हालाच विचारावं लागेल. दुसरी गोष्ट, डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर देवाची मूर्ती चिकटवू नका. बॅग उघडली की ती मूर्ती शेजारी बसलेल्याच्या तोंडावर येते. मूर्ती त्या झाकणापासून आणि बॅग फुगण्याच्या जागेपासून दूर ठेवा.

तुम्ही काहीही उघडू नका. या आठवड्यात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा एअरबॅगचा स्कॅनर असलेल्या गॅरेजला गाडी दाखवा आणि बिघाडाचा कोड लेखी घ्या.

टचस्क्रीन बसवायची आहे. दुकानदार म्हणतो, एकही वायर कापणार नाही. (पंढरपूर)

मग तुमच्या मॉडेलचा तयार जोडकपलर आधी दाखवायला सांगा आणि बिलावर तसं लिहून घ्या. कापलेल्या वायरींना पीळ देऊन वर टेप गुंडाळणं हे आपल्या हवेत टिकत नाही. उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटते आणि उघडी वायर पत्र्याला टेकते. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालणारा भेटला तर गाडी तिथून बाहेर काढा. वायर तापून पेट घेण्याआधी उडणं हेच फ्यूजचं काम आहे. बसवून झालं की ऑटो इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

डॅशबोर्ड चिकट झालाय. थिनरने पुसू? (मंगळवेढा)

नाही. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं. नाही गेलं तर इंटिरिअरचं काम करणाऱ्याला दाखवा.

बॅटरी काढून लावली, आता टेप कोड मागतोय. (सांगोला)

चुकीचे आकडे टाकत बसू नका, टेप लॉक होईल. गाडीच्या कागदपत्रांत कोडचं कार्ड शोधा. नसेल तर आरसी आणि टेपचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.

एसीची कूलिंग कॉईल गळतेय. पूर्ण डॅशबोर्ड काढावा लागेल असं सांगतात. खरं का? (दमाणी नगर)

मॉडेलवर आहे. काही छोट्या जुन्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स काढून खालूनच कॉईल निघते, काहींत डॅशबोर्ड उतरवावाच लागतो. दुसऱ्या गॅरेजमध्ये विचारा आणि कॉईल कुठून काढणार ते गाडीवर दाखवायला सांगा. पैसे वाचवायला नळी मात्र घरी सोडू नका. आतला गॅस दाबाखाली असतो आणि बाहेर पडताना इतका थंड होतो की कातडी आणि डोळे भाजतात. तो गॅस मशीनने काढून घेणाऱ्याकडेच हे काम द्या.