निराशावाद हे तत्त्वज्ञान आहे की खचलेल्या मनाची अवस्था?

निराशावादी माणूस मुळातच खचलेला असतो, मग त्याच्या मताला तत्त्वज्ञान का म्हणायचे, असे आपण विचारले आहे. खचणे ही मनाची अवस्था आहे. ती औषधाने, सोबतीने किंवा काळाबरोबर पालटू शकते. तत्त्वज्ञानातला निराशावाद मात्र जगाविषयीचे एक विधान आहे आणि ते खोडायचे तर युक्तिवादच करावा लागतो.

हे विधान सर्वांत नेटाने मांडले ते आर्थर शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाने, १८१८च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात. त्याच्या मते जगाच्या मुळाशी एक आंधळी, कधीही न भागणारी इच्छा आहे. ती अपुरी राहिली की दुःख होते, पुरी झाली की थोड्याच वेळात कंटाळा येतो आणि माणसाचे आयुष्य या दोन टोकांमध्ये लंबकासारखे हेलकावत राहते. सुख अधिक की दुःख, हे पडताळायचे असेल तर एक प्राणी दुसऱ्याला खात असताना दोघांच्या संवेदना शेजारी ठेवून पाहा, असे तो अन्यत्र सांगतो. खाणाऱ्याची भूक काही तासांपुरती भागते, खाल्ल्या जाणाऱ्याचे सर्वस्व जाते. हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो आणि त्याचे पुरेसे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

मराठी वाचकाला हा विचार परका नाही. ‘सुख पाहतां जवापाडें, दुःख पर्वताएवढें’ असे तुकोबा म्हणून गेले आहेत. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात तर सुखदुःखविवेकाला स्वतंत्र प्रकरण असून तेथे शोपेनहाउअरचा अपूर्णांक येतो: अंशस्थानी लाभलेले सुख, छेदस्थानी सुखाची इच्छा. समजा, चारपैकी दोन इच्छा पुऱ्या झालेल्या माणसाची मिळकत वाढली. आता सहा पुऱ्या होतात, पण तोवर एकूण इच्छा वीसवर गेलेल्या असतात. संसारात दुःख अधिक, हे टिळकांनी मान्य केले. त्यावरून कर्म सोडावे, हा निष्कर्ष मात्र नाकारला. माझेही मत तेच आहे, कारण रोगाचे निदान अचूक असले म्हणून वैद्याचा उपचारही अचूक ठरत नाही.

शोपेनहाउअरचा उपचार इच्छेच्या निवृत्तीचा होता, तरी नीतीचा पाया त्याने करुणेत शोधला. लोकांनी एकमेकांना ‘महाशय’ म्हणण्याऐवजी ‘दुःखातले सोबती’ म्हणावे, असे त्याने सुचवले होते. त्या हाकेने सहनशीलता, धीर आणि शेजाऱ्यावरील प्रेम यांची आठवण होते, ज्यांची गरज प्रत्येकाला असते आणि म्हणून जी प्रत्येक जण दुसऱ्याला देणे लागतो.